पाळणाघराची दोरी कोणाच्या हाती?

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला तेथील आयेने केलेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली आणि ती दृश्ये पाहून सारा महाराष्ट्र हादरला. संताप उसळला, अटका झाल्या, पाळणाघरांसाठी कडक नियमावली हवी अशी मागणी सर्व बाजूंनी झाली. पुढे काही आठवड्यांत इतर विषय पुढे आले आणि पाळणाघरांचा प्रश्न मागे पडला. त्या प्रकरणातील एक गोष्ट मात्र विसरता येण्याजोगी नाही. त्या पाळणाघरात कॅमेरा होता. तो सुरूही होता. परंतु त्याने टिपलेले पाहण्याची वेळ आली ती मुलीच्या अंगावरील जखमा दिसल्यानंतर. कॅमेरा साक्षीदार असतो, राखणदार नसतो. राखण माणसांनी करायची असते, आणि ती कोणी करायची हे आपल्या समाजाने व शासनाने आजही नीट ठरवलेले नाही.

पाळणाघरांचा विषय निघाला की एक सूर हमखास ऐकू येतो. आईने घरी राहावे, म्हणजे हा प्रश्नच उद्भवणार नाही, असा तो सूर. हे म्हणणे सोपे आहे. पण त्यात न्याय नाही आणि वास्तवाचे भानही नाही. रुग्णालयातील परिचारिका, पोलीस दलातील महिला शिपाई, बँकेतील अधिकारी, इमारतीच्या कामावर विटा वाहणारी मजूर स्त्री, या सर्वांच्या श्रमांवर समाजाचे दैनंदिन व्यवहार चालतात. वाड्यातील एकत्र कुटुंब दोन खोल्यांच्या सदनिकेत आले, आजी-आजोबा गावी राहिले, नोकरी दुसऱ्या शहरात मिळाली. या बदलाला एकटी आई जबाबदार नाही. ज्या समाजाने तिच्या श्रमांचा लाभ घेतला, त्याने तिच्या मुलाच्या सुरक्षिततेची हमी घेणे हे त्या समाजाचे कर्तव्य ठरते.

हे कर्तव्य ओळखणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात बालशिक्षणाचे काम उभारले. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यावी, हा विचार तेथे प्रत्यक्षात उतरला. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच फिरती पाळणाघरे सुरू केली. लहान मुलाचा सांभाळ हे दुय्यम काम नव्हे, ते कौशल्याचे आणि जबाबदारीचे काम आहे, हा या सर्वांच्या कार्याचा गाभा होता. आजच्या पाळणाघरांच्या व्यवहारात नेमका हाच गाभा हरवत चालला आहे.

कायद्याची स्थिती पाहिली म्हणजे चित्र अधिकच विसंगत दिसते. इमारतीतील लिफ्टला परवाना लागतो आणि तिची ठरावीक काळाने तपासणी होते. कोपऱ्यावरील वडापावच्या गाडीलाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. परंतु त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पंधरा-वीस तान्ही मुले दिवसभर सांभाळणारे पाळणाघर सुरू करण्यासाठी स्वतंत्र आणि सर्वंकष परवाना-कायद्याची महाराष्ट्र अद्याप वाटच पाहत आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालगृहे व अनाथालये यांची नोंदणी सक्तीची केली. तेथे तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा भेट दिली पाहिजे, भेट देणारे किमान तीन सदस्य असावेत, त्यांत एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असावा, इतका तपशील त्या कायद्यात आहे. ही तरतूद योग्यच आहे. मात्र आईवडील असलेले मूल दिवसाचे नऊ-दहा तास परक्या छपराखाली असते तेव्हा त्याच्याकडे पाहण्यासाठी अशी कोणतीही समिती येत नाही. मूल निराधार नाही, म्हणून ते सुरक्षितच आहे, असे जणू गृहीत धरले गेले आहे.

कामगार कायद्यांनी या प्रश्नाचा एक कोपरा व्यापला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा दिली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये ही तरतूद आता समाविष्ट झाली आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये अशा पाळणाघरांसाठी किमान निकषही जाहीर केले. तीन वर्षांखालील दर दहा मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती व सोबत मदतनीस असावी, ही त्यांतील एक अपेक्षा. परंतु हे सारे मोठ्या आस्थापनांपुरते राहिले. गल्लीतील, सोसायटीतील, रस्त्यालगतच्या गाळ्यातील पाळणाघर या चौकटीबाहेरच आहे. शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून पुढे लागू होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या बालकांच्या संगोपनासाठी राज्याने प्रयत्न करावा असे म्हटले आहे. पण तो प्रयत्नाचा निर्देश आहे, हक्क नव्हे. २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने तीन ते सहा वयोगटाच्या खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना नोंदणी करण्यास सांगितले, ते पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र ज्याला बोलता येत नाही, स्वतःहून दाराबाहेर पडता येत नाही, ते तीन वर्षांखालील मूल त्यातही सुटलेच.

तर मग परवाना सक्तीचा केला की प्रश्न सुटेल काय? अनुभव तसे सांगत नाही. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरातून लागलेली आग गवती छपरापर्यंत पोहोचली आणि ९४ मुलांचा बळी गेला. ती शाळा चोरून चालवलेली नव्हती. मान्यता आणि अनुदान मिळालेली होती. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या अग्निसुरक्षेविषयी सविस्तर निर्देश दिले. तरीही ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बालके दगावली. तो कक्ष तर शासनाचाच होता. मे २०२४ मध्ये दिल्लीतील विवेक विहार भागात एका खासगी बालरुग्णालयाला आग लागली, तेव्हा त्याच्या परवान्याची मुदत मार्चअखेरीसच संपली होती. परवाना पाच खाटांचा होता आणि तेथे दाखल असलेली बालके त्याहून अधिक होती. एके ठिकाणी मान्यता होती, एके ठिकाणी खुद्द शासन होते, एके ठिकाणी मुदत संपलेला कागद होता. कोणाच्याही पाहणीने वेळीच धोका ओळखून तो थांबवला नाही, एवढे मात्र तिन्ही ठिकाणी समान आहे. न पाहता दिलेला परवाना हा परवाना नसण्याहूनही घातक ठरतो, कारण त्यावर विसंबून पालक निर्धास्त होतात.

म्हणून मुख्य प्रश्न तपासणीचा आहे, आणि तपासणी म्हणजे वहीवर सही नव्हे. पाळणाघरात पाऊल ठेवणाऱ्या तपासनीसाने काय पाहावे? बाहेर पडण्याचे मार्ग किती आहेत आणि त्यांपैकी एखाद्यावर खेळण्यांची खोकी किंवा जुने कपाट रचलेले आहे काय? आपल्या शहरांत चोरांच्या भीतीने खिडक्यांना पक्क्या लोखंडी जाळ्या बसवतात. त्यांना आतून उघडणारा झरोका नसेल तर आगीच्या वेळी तीच खोली पिंजरा होते. गॅसचे सिलिंडर मुले झोपतात त्याच खोलीलगत आहे काय? विजेचे खटके मुलाच्या हाताच्या उंचीवर उघडे आहेत काय? पाण्याच्या पिंपावर आणि हौदावर झाकण आहे काय? रांगणाऱ्या मुलाला बादलीभर पाणीही जीवघेणे ठरू शकते. दुधाच्या बाटल्या कशा उकळल्या जातात, आजारी मुलाला वेगळे कोठे ठेवतात, औषध कोणाच्या लेखी सूचनेवरून देतात? मूल संध्याकाळी कोणाच्या हाती सोपवले याची नोंद होते काय? सांभाळणाऱ्या बायांची पोलीस पडताळणी झाली आहे काय, आणि ऐन दुपारी एक बाई जेवायला गेली असता उरलेल्या एकीच्या अंगावर किती मुले असतात? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दमलेली, कमी पगारावर राबणारी, पंधरा मुलांच्या रडण्यात एकटी पडलेली बाई हीच पुष्कळदा दुर्घटनेची सुरुवात असते. क्रौर्याला शिक्षा झालीच पाहिजे. बाल न्याय कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. पण शिक्षा घाव झाल्यानंतर येते. मनुष्यबळाचा नियम घावापूर्वी उपयोगी पडतो.

येथे एक रास्त आक्षेप ऐकून घेतला पाहिजे. परवाना म्हटला की खेटे आले, खेट्यांमागे दलाल आले आणि तपासनीसाचा हात ओला करणे आले. यात भरडली जाते ती आपल्या घरात चार-पाच मुले मायेने सांभाळणारी शेजारची काकू. तिचा संसार त्या उत्पन्नावर चालतो आणि तिच्या भरवशावर चार घरांतील आया नोकरी करतात. मोठे, चकचकीत केंद्र सल्लागार नेमून सारी कागदपत्रे मिळवील. काकूचे दार मात्र बंद होईल आणि तिच्याकडची मुले त्याहून अंधाऱ्या जागी जातील. सुरक्षिततेच्या नावाखाली असे घडणे हा मुलांवरच अन्याय ठरेल.

यातून मार्ग काढता येतो. मुला-सुनेकडे इंग्लंडला काही महिने राहून आलेल्या अनेक आजी-आजोबांनी तो पाहिलाही असेल. तेथे घरी मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीलाही नोंदणी लागते, पण तिचे नियम मोठ्या केंद्रापेक्षा निराळे असतात व मुलांची संख्या मर्यादित असते. दोन वर्षांखालील मुले सांभाळणाऱ्या केंद्रांत तीन मुलांमागे एक व्यक्ती असावी लागते. विशेष म्हणजे ऑफस्टेड ही तेथील तपासणी यंत्रणा आपले अहवाल जाहीर करते. कोणताही पालक ते वाचू शकतो. सारेच अनुकरणीय आहे असे नव्हे, आपल्या लोकसंख्येला आणि उत्पन्नाला ते प्रमाण झेपणारही नाही. पण अहवाल उघड करण्यास पैसा लागत नाही, इच्छा लागते.

महाराष्ट्राने आता तीन गोष्टी कराव्यात. पहिली, घरगुती पाळणाघर आणि व्यावसायिक केंद्र असे दोन वर्ग करून घरगुतीसाठी विनाशुल्क, एका पानाची नोंदणी ठेवावी. दुसरी, अग्निशमन, आरोग्य आणि महिला व बालविकास यांची तपासणी निरनिराळ्या दिवशी तीन खेटे न घालता एकत्र, पूर्वसूचना न देता व्हावी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैत द्यावे लागते. तेच वेळापत्रक पाळणाघरांनाही वापरता येईल. तिसरी, तपासणीचा अहवाल मराठीत, मोठ्या अक्षरांत, पाळणाघराच्या दारावर लावावा. दारावर लावलेला अहवाल लाच देऊन लपवता येत नाही. त्रुटी आढळल्यास सुधारण्यास मुदत द्यावी; जिवाला प्रत्यक्ष धोका असेल तेथेच तत्काळ टाळे लावावे, आणि तेव्हा मुलांची पर्यायी सोय कोठे आहे हे पालकांना त्याच दिवशी सांगावे.

परंतु शासनाकडे बोट दाखवून समाजाची सुटका होत नाही. पाळणाघर निवडताना आपण काय विचारतो? शुल्क किती, अंतर किती, इंग्रजी गाणी शिकवतात की नाही. मागचे दार कोणते, हे विचारणारे पालक किती निघतील? ठरल्या वेळेआधी अर्धा तास, न सांगता, मुलाला न्यायला जाऊन पाहणारे किती? तळमजल्यावर मुलांचा गोंगाट नको म्हणून पाळणाघराला वरच्या मजल्यावर ढकलणाऱ्या सोसायट्याही आपल्याच आहेत. आणि पगारवाढ मागितली म्हणून जुनी, विश्वासू बाई बदलली जाते तेव्हा शुल्क वाढू नये असा आग्रह धरणारेही आपणच असतो.

प्रत्येक वस्तीत निवृत्त अभियंता असतो, परिचारिका असते, शिक्षिका असते, विजेचे काम जाणणारा तरुण असतो. भगिनी मंडळे, गणेशोत्सव मंडळे आणि सेवाकार्यात रमणारे कार्यकर्ते यांनी ठरवले तर आपल्या भागातील पाळणाघरांची यादी एका रविवारात तयार होईल. धाक घालण्यासाठी तेथे जायचे नाही. काकूंच्या घरातील खटक्यांना झाकणे बसवून देणे, खिडकीच्या जाळीला आतून उघडणारा झरोका करून देणे, अग्निशामक नळकांडे कसे वापरायचे ते शिकवणे, वर्षातून एकदा मुलांची आरोग्य तपासणी करून घेणे, ही कामे कायद्याची वाट न पाहता करता येतात. असे जागते शेजारपण असले की उद्या कायदा आला तरी तो हप्त्याचे साधन होणार नाही, कारण पाहणारे डोळे पुष्कळ असतील.

आपल्या परंपरेने परक्याचे मूल पोटच्या मुलासारखे वाढवणाऱ्या यशोदेला मातेचे स्थान दिले. पण त्याच गोकुळात सुंदर रूप घेऊन पूतनाही आली होती, आणि तिच्या रूपाला भुलून कोणी तिला दारात अडवले नाही, ही आठवणही त्याच परंपरेने जपून ठेवली आहे. आपल्या गावांत आणि शहरांत यशोदांची संख्या मोठी आहे. त्यांना सन्मान, योग्य वेतन आणि साहाय्य मिळावे, आणि त्यांच्या आडून येणाऱ्या दुर्लक्षाला व क्रौर्याला दारातच अडवले जावे, यासाठी तपासणी हवी. खारघरच्या त्या बालिकेला आपले दुःख सांगता येत नव्हते. तिच्यासारख्या सर्वांच्या वतीने पाहणे आणि विचारणे हे मोठ्यांचे काम आहे. ते पुढच्या दुर्घटनेपूर्वी झाले पाहिजे.