संगणकाचा अबोल उंबरठा

विरारहून चर्चगेटकडे निघालेल्या अंध प्रवाशाला दिव्यांगांचा डबा कोठे थांबणार हे उपनगरी फलाटावरच्या 'बीप' आवाजावरून उमगते. सोय अल्प खर्चाची आहे. परंतु तिच्यामुळे रोज कोणाचा तरी हात धरण्याची पाळी टळते. फलाटावर जे साधले, ते संगणकाच्या उंबरठ्यावर अद्याप साधलेले नाही.

संगणक सुरू होताच कार्यप्रणाली स्मृतीत आणण्याचे काम 'बूटलोडर' ही छोटी आज्ञावली करते. एकाच यंत्रात विंडोज व लिनक्स असल्यास ती बहुधा पडद्यावर यादी मांडते, काही सेकंद थांबते आणि उत्तर न मिळाल्यास ठरलेली प्रणाली सुरू करते. मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर, म्हणजे विंडोजवरील 'एनव्हीडीए' वा लिनक्सवरील 'ऑर्का', कार्यप्रणाली उभी राहिल्यानंतरच बोलू लागतात. यंत्र त्याआधीच अडले तर चुकीची सूचना आणि दुरुस्तीचा पर्याय दोन्ही निःशब्द राहतात. संगणकात निष्णात असलेल्या अंध कर्मचाऱ्यालाही अशा वेळी शेजाऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात.

हे अटळ आहे काय? लिनक्ससोबत सर्रास येणाऱ्या 'ग्रब' बूटलोडरमध्ये प्रारंभीच सूर वाजवण्याची सोय आहे. मोर्स संकेतांत मजकूर ऐकवणारा भागही त्यात आहे. सिरियल जोडणीने तोच मजकूर दुसऱ्या संगणकाकडे पाठवून तेथील स्क्रीन रीडरकडून वाचून घेता येतो. मात्र सूर आणि मोर्स ज्या अंतर्गत भोंग्यावर अवलंबून आहेत, तो अनेक नव्या लॅपटॉपमध्ये नसतोच. ग्रब ही मुक्त आज्ञावली, म्हणजे समाजाची सामाईक मालमत्ता आहे. तिच्यात सुधारणा करण्यास कोणाचीही आडकाठी नाही. वसई-विरारच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या तरुणांना याहून उपयुक्त प्रकल्प कोणता?

केवळ सद्भावनेवर मात्र विसंबता येणार नाही. ज्या ग्राहकाची क्रयशक्ती थोडी, त्याची गरज बाजाराच्या हिशेबात सर्वांत शेवटी येते. उत्पादकाने एकदा करावयाचा खर्च टळतो आणि त्याची किंमत अंध माणूस परावलंबनाच्या रूपाने आयुष्यभर फेडतो. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखल्या, त्यांतील 1 टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. त्याच अधिनियमाच्या कलम 42 नुसार नित्य वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशा रचनेत मिळावीत यासाठी शासनाने उपाय योजावयाचे आहेत. राजीव रतुरी प्रकरणात 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशी म्हणून न ठेवता सक्तीचे करण्यास बजावले.

तेव्हा मागणी नेमकी असावी. महापालिका, जिल्हा परिषद व अनुदानित महाविद्यालये यांच्या संगणक खरेदीच्या निविदेत एक अट घालावी: अंध व्यक्तीने कोणाच्याही मदतीविना यंत्र सुरू करून, प्रणाली निवडून, बिघाडातून सावरून दाखवल्यावाचून देयक मंजूर होणार नाही. सार्वजनिक पैसा हा मोठा ग्राहक आहे. त्याने अट घातली की उत्पादकाला ऐकावे लागते. कार्यकर्त्यांनी पुढच्या निविदेपूर्वीच हे निवेदन दिले पाहिजे. नोकरी राखून ठेवायची आणि कामाच्या यंत्राचे दार बंद ठेवायचे, याला समता म्हणता येत नाही.