ओलावा कापसात की मीटरात?

घाटंजी तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्यांच्या बचत गटानं कापसाचा ओलावा मोजायचं छोटं यंत्र, म्हणजे मॉइश्चर मीटर, घेतलं. पहिल्या वेचणीला ते नीट चाललं. आता एकाच ढिगाचा आकडा सकाळी तेरा, तर दुपारी नऊ! ‘यंत्र बिघडलं. दुरुस्तीला पाठवायचंय, बांधाबांध कशी करू?’ असं त्या विचारतात.

ताई, बांधाबांध सांगतेच. पण आधी बिघाड यंत्रातच आहे ना, याची खात्री करू या. ऐन हंगामात यंत्र बाहेर गेलं की नुसत्या अंदाजावर गाडी भरावी लागते. आणि इथं एकेका टक्क्याला पैसा आहे. सीसीआयच्या खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण हमीभाव. त्यापुढे दर टक्क्याला भावात एक टक्का कपात. 12 च्या वर गेला तर कापूस घेतच नाहीत. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे 10 टक्के ओलावा निघाला की क्विंटलमागे 162 रुपये गेले. वीस क्विंटलांचे झाले सव्वातीन हजार!

या यंत्रांचं तंत्र साधं असतं. कोरड्या कापसातून वीज जवळपास वाहत नाही, ओलसर कापसातून थोडी वाहते. यंत्र आपल्या टोकांमधून अगदी बारीक प्रवाह सोडून हेच तपासतं. त्यामुळे टोकांवर मळ, घाम किंवा दव असलं, तर तेही ओलावा म्हणून मोजलं जातं.

म्हणून आधी सेल बदला. सगळे एकदमच, नवे आणि एकाच कंपनीचे. सेलच्या स्प्रिंगवर हिरवट गंज चढला असेल तर खोडरबरानं हलकेच घासा. टोकं कोरड्या फडक्यानं पुसा; चिकट मळ असेल तर फडक्याला किंचित स्पिरिट लावा आणि वाळू द्या. पाणी नको. मग टोकांना हात न लावता यंत्र नुसतं हवेत धरा. कापूस नसतानाही आकडा चढत असेल, तर दोष यंत्राचा. यंत्रावर सरकी-कापूस आणि रुई यांच्या वेगळ्या खुणा असतील, तर योग्य खूण लावली आहे का तेही पाहा.

आता ढिगाकडे वळू. अंगणातल्या ढिगावर रात्री दव पडतं. त्यामुळे वरचा थर सकाळी खरोखरच ओला असतो. तुमचा तेरा खोटा नसेलही, बरं का! ढिगाच्या आतून, पाच ठिकाणचा कापूस घ्या आणि दर वेळी सारखाच दाबा. जास्त दाबला की आकडा वाढतो. तरी शंका राहिली तर मूठभर नव्हे, चांगला पायलीभर कापूस जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. तो घरच्या यंत्रानं मोजा आणि लगेच ओळखीच्या जिनिंगमधल्या यंत्रावरही मोजून घ्या. दोन्हींत मोठा फरक निघाला, तरच दुरुस्तीचा विचार.

पाठवायचं ठरलं, तर यंत्र उघडू नका. आतले स्क्रू फिरवले की माप चुकतं, आणि वॉरंटीही जाऊ शकते. आधी दुरुस्ती केंद्राला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. सेल काढून घरीच ठेवा. टोकांवर टोपण घाला, नाहीतर ती वेष्टणातून बाहेर येतात. यंत्राचा आणि त्याच्या नंबराचा फोटो काढून ठेवा.

घरात कापूस मुबलक, म्हणून त्यातच यंत्र गुंडाळायचा मोह होईल. तसं करू नका. कापूस ओल धरतो आणि तंतू आत शिरतात. फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक गुंडाळून यंत्र छोट्या खोक्यात ठेवा. ते खोकं मोठ्या खोक्यात ठेवून चारी बाजूंना चुरगाळलेल्या कागदाचा दोन बोटं थर द्या. हलवून पाहा, आत काही खडखडलं तर आणखी कागद भरा.

आत चिठ्ठी हवीच. ‘खराब आहे’ एवढं लिहून भागत नाही. ‘नवे सेल घालूनही हवेत धरल्यावर 9 दाखवतं’ असं नेमकं लिहा. तक्रार क्रमांक, खरेदीची तारीख, तुमचा पत्ता आणि सोबत पाठवलेल्या वस्तूंची यादीही लिहा. बिलाची झेरॉक्स घाला; मूळ बिल घरी. पोस्टात विम्याची चौकशी करा आणि पावती गटाच्या वहीत चिकटवा.

खरेदी केंद्रावर चालणार ते तिथलंच माप, हे खरं. पण वेचणीत कंबर मोडते आपली. गाडी भरण्याआधी ताडपत्रीवर आणखी एक ऊन द्यायचं की नाही, हे तरी आपल्याला कळायला हवं!