खोकला रोगाचा की गोळीचा?

रक्तदाबाच्या आधुनिक औषधांचे दुष्परिणाम हा आपल्या संमेलनांतील आवडता विषय. त्यावर बोलताना आपला आवाज चढतो. मात्र समोर बसलेल्या रुग्णात तेच दुष्परिणाम ओळखण्यात आपण कमी पडतो, असे मला स्वानुभवाने म्हणावे लागते.

दोन महिने कोरड्या खोकल्याने त्रस्त असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेवर मी वातज कास समजून तीन आठवडे उपचार केले. सितोपलादी, ज्येष्ठमधाचे चूर्ण, घृतपान, उपशय नाही. चौथ्या खेपेस बाईंनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. रॅमिप्रिल! या वर्गातील औषधांनी ब्रॅडिकायनिन साठून असा खोकला येतो. तो कित्येकदा गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी उद्भवतो, त्यामुळे रुग्णाला संबंध उमगत नाही. वैद्याला उमगायला हवा होता. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिनमुळे शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाबाच्या गोळीने आलेल्या खोकल्यावर मी रक्तदाब वाढविणारे द्रव्य देत होतो! त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, त्यांनी टेल्मिसार्टन सुरू केले आणि महिन्याभरात खोकला थांबला.

अॅम्लोडिपिनने पायांवर येणाऱ्या सुजेचेही तेच. ती सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारल्याने येते. मूत्रल द्रव्यांनी फारशी हटत नाही. तरी आपण पुनर्नवा देत राहतो.

याचा अर्थ ‘गोळी बंद करा’ असे सांगावे, असा मुळीच नाही. अटेनोलॉल वा क्लोनिडिन एकाएकी थांबविल्यास रक्तदाब उसळतो. हृद्रोग्यास तर प्राणावर बेतू शकते. बदल करायचा तो मूळ डॉक्टरांच्या संमतीनेच.

आणि आपली सर्पगंधा? गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिचा रक्तदाबावरील उपयोग मांडला, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तो जगापुढे नेला, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु १९५२ मध्ये तिच्यातून वेगळे केलेले रिसर्पिन वापरात आल्यावर नाक चोंदणे, मंदावलेली नाडी आणि विषादही नोंदले गेले. ते वनस्पतीतलेच द्रव्य आहे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. सर्पगंधेची वटी वा ज्येष्ठमधाचे चूर्ण मागणाऱ्यास ‘प्रेशरची गोळी चालू आहे का?’ एवढे विचारावे आणि उत्तर होकारार्थी आल्यास पुडी बांधण्यापूर्वी त्याला वैद्याकडे पाठवावे. माझ्या केसपेपरवर आता नाव-वयाखालीच ‘चालू गोळ्या’ हा रकाना आहे. पट्टी प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज मी तो भरत नाही.