घरांतून बाहेर जाणारी वाट

गेल्या वैशाखांत आमच्या सुप्याच्या घरीं धाकट्या नातवाची मुंज झाली. माझी वडील भगिनी आक्का सांगलीस अंथरुणास खिळलेली. तिला इतक्या दूर आणणें शक्य नव्हतें. तेव्हां मुंजच तिच्याकडे पाठवावी असें ठरलें. कॅमेऱ्याचें चित्र आटोपशीर करून इंटरनेटवर धाडणारी एन्कोडर नांवाची पेटी चिरंजीवांनीं भाड्यानें आणिली, व तिची मांडणी मीं हौसेनें अंगावर घेतली.

पेटीस प्रथम दोन गोष्टी सांगाव्या लागतात: चित्र ज्या सर्व्हरवर टाकावयाचें त्याचा पत्ता, आणि 'स्ट्रीम की' म्हणजे आपल्या दाराची किल्ली. दोन्ही यूट्यूबच्या पानावर मिळतात. नव्या खात्यास थेट प्रक्षेपणाची अनुमति मिळण्यास 24 तासांपर्यंत लागतात, हें मुहूर्त धरणारांनीं ध्यानांत ठेवावें. किल्ली गुरुमंत्राप्रमाणें गुप्त राखावी. ज्याच्या हातीं ती पडेल तो आपल्या नांवावर वाटेल तें दाखवूं शकतो. पत्त्याचे आरटीएमपी व आरटीएमपीएस असे दोन प्रकार असतात. दुसऱ्यांत सर्व मजकूर सांकेतिक होऊन जातो, म्हणून तोच घ्यावा.

खरी मेख पुढेंच आहे. तिला बिटरेट म्हणतात; दर सेकंदास किती माहिती बाहेर धाडावयाची तो आंकडा. आपण इंटरनेटचा वेग म्हणून मिरवितों तो बहुधा घरांत येणारा असतो. आमच्याकडे येणारा वेग 40 मेगाबिट, जाणारा अवघा 4. आदले रात्रीं मीं आंकडा 3.5 घातला. चित्र असें स्वच्छ, कीं देव्हाऱ्यांतल्या समईची ज्योत हललेली दिसावी! मी निश्चिंत निजलों.

सकाळीं मातृभोजनास बटु आईजवळ बसला, पहिला घांस उचलला, आणि सांगलीहून भाच्याचा फोन आला: "मामा, चित्र थांबलें." कारण सांपडावयास अर्धा तास गेला. मंडपांतील पाहुणे आमच्याच वायफायवर होते, व प्रत्येकाचा फोन काढलेलीं छायाचित्रें आपण होऊन बाहेर धाडीत होता. वाट एकच, प्रवासी पन्नास! आरटीएमपीच्या पद्धतींत हरवलेला तुकडा पुन्हां पाठविला जातो. त्यामुळें वाट अरुंद झाली कीं मागें रांग तुंबते, आणि शेवटीं पेटी चित्रेंच टाकून देऊं लागते.

वपन चालूं असतां मीं वायफाय बंद केलें (पाहुण्यांचा रोष पत्करून), पेटीस थेट तार जोडली, चित्र 720 रेषांचें ठेवून बिटरेट 1.5 वर आणिला. ध्वनीस 128 किलोबिट निराळे. दर 2 सेकंदांस एक संपूर्ण चित्र जावें अशी योजना आधींच होती. एवढ्यानें ताशीं सुमारें 730 मेगाबाइट खर्ची पडतात. जाणाऱ्या वेगाच्या निम्म्याहून अधिक मागूं नये, असें मी आतां धरून चालतों.

मंगलाष्टकांपासून पुढें सर्व सुरळीत गेलें. गायत्र्युपदेशाच्या वेळीं मात्र मीं ध्वनि मुद्दाम बंद ठेविला. तो मंत्र शालीखालीं कानांत सांगावयाचा, जगास नव्हे.

मातृभोजन पेटींतील कार्डावर उतरलें होतें. भाच्यानें तें दुसरे दिवशीं आक्कास दाखविलें. रात्रीं तिनें फोन केला. "पाहिलें रे," ती म्हणाली, "पण शिळें."