भंगारात निघालेली फ्रेम

परवा मुलुंड पूर्वेला रिडेव्हलपमेंटला गेलेल्या एका सोसायटीची बातमी करायला गेलो होतो. घरं रिकामी करायचा शेवटचा आठवडा. खाली भंगारवाल्याच्या हातगाडीवर पंखे, मिक्सर, कपाटाचं दार आणि सगळ्यात वर एक छोटी फ्रेम. मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचने भरलेलं ‘सुस्वागतम्’, दोन बाजूंना पोपट, खाली तुळशीवृंदावन. कोपऱ्यात ‘सु.’ आणि १९८४. भंगारवाला म्हणाला, “याचं काय येत नाय साहेब, घेऊन जा.”

घेऊन आलो. बायको म्हणाली, घरात आधीच काय कमी पसारा आहे? मुद्दा बरोबर होता.

रात्री मोजायला बसलो. इंचाला ११ घरं, कापड आठ बाय सहा इंच. म्हणजे ५,८०८ घरं. निम्मी भरलेली धरली तरी २,९०० फुल्या, आणि एका फुलीला दोन टाके.

पण खरं काम टाक्यांच्या आधीचं आहे. मॅटीवर काही छापलेलं नसतं. आधी चौकटीच्या वहीत एकेक घर रंगवून नमुना काढायचा, मध्य शोधायचा, मग घरं मोजत भरायचं. इंग्रजी अक्षरं नमुन्याच्या पुस्तकांत तयार मिळतात. मराठीची शिरोरेषा सोपी, पण ‘स’ची गोलाई, ‘स्वा’चं जोडाक्षर, खालचा उकार चौकोनांत बसवून दाखवा! या बाईंनी बसवलंय. याला आपण ‘आईचा टाइमपास’ म्हणतो. तेच कुणी कॉम्प्युटरवर केलं की डिझायनर.

धारवाड-बेळगावकडे इरकलवर जी कसुती भरतात, त्यात हीच फुली आहे, तिला मेंथी म्हणतात, म्हणजे मेथी. तिथेही छाप न मारता धागे मोजूनच भरतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉक नावाच्या बाईंचा १५९८ चा असाच नमुन्याचा कपडा जपून ठेवलाय. तिनेही नाव आणि साल टाक्यांतच घातलंय. आमच्या सु. बाई हातगाडीवर.

माझ्या मुलीच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला गणिताचा राहिलेला धडा घेतात. अहो, मग गणितच घ्या, पण असं घ्या! पोरापोरींना स्वतःचं नाव मराठीत चौकोनांत बसवायला लावा. मोजणी, सममिती सगळं त्यात येतं. खर्च काय, वीतभर मॅटी, सुई आणि दोऱ्याची एक लडी.

आणि घर खाली करताना असलं काही सापडलं तर निदान एक फोटो काढा. मागे साल-नाव बघा. म्हातारं माणूस घरात असेल तर नमुना कुणी काढला ते विचारा. ठेवायचं असेल तर प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका, सुती कापडात गुंडाळा.

ही फ्रेम माझ्याकडे आहे. फोटो मुद्दाम टाकत नाहीये. ज्यांची असेल त्यांनी मेसेज करावा. तुळशीवृंदावन कुठल्या रंगाचं आहे तेवढं सांगा आणि घेऊन जा.