कथा लेखिकेची, कपाट कंपनीचे

कथा लिहून ती थेट वाचकांपुढे ठेवण्याची सोय करणारे ऑनलाइन मंच आता नवे राहिलेले नाहीत. वॉटपॅड २००६ मध्ये टोरांटोत सुरू झाले, प्रतिलिपी २०१४ मध्ये बंगळुरूत. दोन्हींचा व्यवहार साधारण सारखाच आहे. लेखक एकेक भाग टाकतो, वाचक अभिप्राय देतात, पुढच्या भागाची मागणी होते आणि मालिका लांबत जाते. मध्ये संपादक नाही, छपाईचा खर्च नाही, साभार परतीचे पाकीटही नाही. प्रतिलिपीवरील बारा भारतीय भाषांमध्ये मराठी आहे. एरवी कोणत्याही मासिकाकडे हस्तलिखित पाठवायला धजल्या नसत्या अशा कितीतरी स्त्रिया तिथे मोबाइलवर दीर्घ मालिका लिहीत आहेत. या लेखनाला नाक मुरडणाऱ्यांशी या स्तंभाचा वाद जुना आहे. तो आज पुन्हा उकरण्याचे कारण नाही.

आजचा प्रश्न वेगळा आहे आणि तो या आठवड्यात आलेल्या एका पत्रातून समोर आला. पत्र लिहिणारी लेखिका अशाच एका मंचावर काही वर्षे मालिका लिहीत होती. तिचा जुना मोबाइल क्रमांक बंद झाला आणि खात्यात शिरण्यासाठी लागणारा ओटीपी त्याच क्रमांकावर जात राहिला. मालिका मंचावर दिसते आहे, लोक वाचताहेत, खाली अभिप्राय देताहेत. लेखिकेला मात्र त्यातली एक चूकही दुरुस्त करता येत नाही. सगळे लेखन थेट ॲपमध्येच टंकलेले असल्यामुळे तिच्याजवळ प्रत नाही. तक्रारीला दर वेळी तेच साचेबंद उत्तर येते.

अशा बहुतेक मंचांच्या अटींत स्वामित्वहक्क लेखकाचाच राहतो असे लिहिलेले असते, आणि ते खरेही असते. पण हक्क कागदावर राहतो आणि प्रत कंपनीच्या कपाटात. ते कपाट कधी उघडायचे, कधी हलवायचे, कधी मोडीत काढायचे हे कंपनी ठरवते, आणि तिच्या निर्णयांमागे साहित्याखेरीज पुष्कळ कारणे असतात. वॉटपॅडवर २०१३ मध्ये सुरू झालेल्या ॲना टॉडच्या ‘आफ्टर’चे पुस्तक झाले, पुढे चित्रपट झाला. बेथ रीकल्सने शाळकरी वयात लिहिलेली ‘द किसिंग बूथ’ नेटफ्लिक्सवर गेली. वाचकांनी आधीच पसंत केलेली कथा हा चित्रपट, चित्रकथा आणि ध्वनिमालिकांसाठी कमी जोखमीचा कच्चा माल असतो, हे तेव्हा सगळ्यांना दिसले. २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या नेव्हर कंपनीने सुमारे ६० कोटी डॉलरला वॉटपॅड विकत घेतले. त्याच वर्षी प्रतिलिपीतील मोठ्या गुंतवणुकीत कोरियाचीच क्राफ्टन ही खेळ बनवणारी कंपनी आघाडीवर होती. यात गैर काही नाही. पैसा आला म्हणून काही लेखकांना मानधनही मिळू लागले. पण हिशेब जुळला नाही की काय होते, तेही दिसले आहे. ॲमेझॉनने जुलै २०२१ मध्ये भागाभागाने कथा विकण्यासाठी ‘किंडल व्हेला’ सुरू केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते बंद केले. चार वर्षेही भरली नाहीत.

या सगळ्याच्या शेजारी ठेवून पाहावे असे एकच उदाहरण आहे: ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’. हे संग्रहालय मुख्यतः चाहत्यांनी आवडत्या पुस्तकांतील आणि मालिकांतील पात्रांवर लिहिलेल्या कथांचे आहे. स्वतंत्र कथांनाही तिथे जागा आहे. त्याचा जन्म २००७ च्या मे महिन्यातील दोन घटनांतून झाला. फॅनलिब नावाच्या कंपनीने चाहत्यांच्या कथांवर धंदा उभा करायचे ठरवले, तेव्हा त्या कथा लिहिणाऱ्या बायका संतापल्या. आपल्या लेखनाचे घर आपल्याच मालकीचे असावे असा प्रस्ताव त्यांच्यात पुढे आला. पुढाकार घेणाऱ्यांमध्ये कादंबरीकार नाओमी नोविक होती. त्याच महिन्याच्या अखेरीस लाइव्हजर्नल या सेवेने बालसुरक्षेच्या तक्रारींवरून शेकडो खाती एका फटक्यात बंद केली. त्यांत ‘लोलिता’ या कादंबरीवर चर्चा करणारा गटही सापडला. कंपनीने नंतर माफी मागून बरीचशी खाती परत दिली, पण कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे तोपर्यंत कळून चुकले होते. फॅनलिब तर २००८ मध्ये बंदच पडले.

त्या बायकांनी निषेधावर भागवले नाही. ना-नफा संस्था नोंदवली, वर्गणी जमवली, स्वतःचे सर्व्हर घेतले. प्रोग्रामिंग न येणाऱ्या कित्येक जणी या कामासाठी ते शिकल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये संग्रहालय सर्वांसाठी खुले झाले. आज तिथे एक कोटीहून अधिक लेखनकृती आहेत, जाहिरात एकही नाही आणि खर्च देणग्यांवर चालतो. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार कौतुकाचा खरा, पण त्याहून महत्त्वाची तिथली बारीक व्यवस्था. कोणतीही कथा वाचकाला ईपब किंवा पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येते, म्हणजे प्रती जगभर विखुरतात. एखाद्या लेखिकेला जुन्या लेखनाशी नाते तोडायचे असेल, तर ती कथा तशीच ठेवून फक्त आपले नाव काढू शकते. वाचकांची कथा बुडत नाही. दुसरीकडची छोटी संग्रहस्थळे बंद पडायला आली, तर त्यांतील कथा आणून जपण्यासाठी ‘ओपन डोअर्स’ नावाचा वेगळा उपक्रम आहे. विषयवार खुणांची वर्गवारी स्वयंसेवक हाताने लावतात. हे ग्रंथपालाचे काम आहे, आणि ते ग्रंथपालाच्याच निष्ठेने चालते.

उणिवाही आहेत. तिथे लेखकाला एक पैसा मिळत नाही, आणि मिळवण्याची परवानगीही नाही. जुलै २०२३ मधील सायबर हल्ल्यात संग्रहालय बंद पडले, तेव्हा ते पुन्हा उभे करायला स्वयंसेवकांनाच राबावे लागले. ज्यांना लेखनावर घर चालवायचे आहे त्यांच्यासाठी व्यावसायिक मंच हवेतच. पण कमाईची जागा आणि जपणुकीची जागा एकच असली पाहिजे असे कुठे आहे?

छापील मराठीत या दोन जागा वेगळ्या होत्या. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’मधून क्रमशः आली, साप्ताहिक गेले, कादंबरी पुस्तकरूपाने आणि ग्रंथालयांत राहिली. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. हा कायदा छापील पुस्तकांसाठी केलेला आहे; मोबाइलवर जन्मलेली मालिका त्यात बसत नाही. ब्रिटनने २०१३ मध्येच आपली अशी तरतूद डिजिटल प्रकाशनांना लागू केली. वाचनालयांविषयी या स्तंभात वारंवार लिहिले जाते म्हणून काही वाचक कंटाळतात, पण हा प्रश्नही शेवटी तिथेच येऊन थांबतो. आज मराठीत सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या कथा कदाचित याच मंचांवर आहेत, आणि त्यांची एकही प्रत कुठल्या सार्वजनिक वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत नाही.

‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ ज्या प्रणालीवर चालते, तिचा कोड मुक्त आहे. कोणीही तो घेऊन वापरू शकतो. पुण्या-मुंबईत आणि परदेशांतही मराठी प्रोग्रामर मुबलक आहेत, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली पुस्तके संकेतस्थळावर मोफत देतेच. या दोघांनी आणि एखाद्या शतायुषी ग्रंथसंग्रहालयाने एकत्र येऊन मराठी कथांचे सार्वजनिक डिजिटल संग्रहालय उभारावे. ते होईपर्यंत कथामंचांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपली मालिका आजच साध्या फाईलमध्ये उतरवून घ्यावी, तिच्यावर नाव आणि तारीख घालावी आणि एक प्रत गावच्या वाचनालयात देऊन पोच मागावी.