बाजू, तपशील आणि भाषेचे सांधे

मराठीतील अरबी-फारसी शब्द म्हणजे भाषेच्या शरीरात रुतलेले काटे होत, ते उपटल्यावाचून तिला आरोग्य लाभावयाचे नाही, हे मत पुण्यात गेली शंभर वर्षे ऐकू येत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अशा प्रसंगी भाषेच्या कुळाशीलाची चर्चा व्हावयाचीच, आणि त्या चर्चेत हे जुने मत पुन्हा डोके वर काढील तर त्यात नवल नाही. पण ज्यांना शरीराचा दृष्टांत इतका प्रिय आहे, त्यांना आमची एक विनंती आहे. शरीराचीच साक्ष काढावयाची असेल तर ती नीट काढू या. फार दूर जावयास नको. आपला एक हात पुढे करावा आणि खांद्यापासून मनगटापर्यंतच्या सांध्यांची नावे घ्यावी, एवढे पुरे.

खांदा, दंड, कोपर, मनगट ही आपली घरची नावे. यांपैकी एकही आपल्या जागी स्वस्थ बसलेले नाही. खांदा प्रेताला देतात. मंत्रिमंडळात माणसे इकडची तिकडे केली की त्यास आपण खांदेपालट म्हणतो. दंड थोपटणारा पहिलवान असतो, दंड भरणारा गुन्हेगार असतो. कोपरावरून कोपरखळी निघाली, कोपराला गूळ लावण्याची फसवी युक्ती निघाली, आणि भिंतीला भिंत मिळते ती जागा कोपरा झाली. अंगाच्या नावाने जगाची मोजदाद करावी हा माणसाचा स्वभावच आहे. प्रश्न एवढाच, की हा स्वभाव केवळ आपला आहे काय?

आता अरबीकडे पाहू. त्या भाषेत दंडाला 'अजुद' म्हणतात आणि त्याचाच दुसरा अर्थ पाठीराखा असा होतो. दहाव्या शतकात इराण-इराकवर राज्य करणाऱ्या एका बुवैही राजाने 'अजुदुद्दौला' हा किताब मिरविला. त्याचा अर्थ राज्याचा बाहू. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग तो 'साइद', आणि त्याच तीन व्यंजनांपासून झालेला 'मुसाइद' म्हणजे साहाय्यक. ज्याला आपण एखाद्याचा उजवा हात म्हणतो तोच हा. मनगटाला 'मिअसम' हा शब्द आहे. त्याच्या धातूत घट्ट धरणे, राखणे हा अर्थ आहे. 'इस्मत' म्हणजे पावित्र्य हे त्याच घरातले, आणि राजधानीला आजच्या अरबीत जो 'आसिमा' शब्द वापरतात तोही त्याच घरातला.

सर्वांत सुरस कथा कोपराची. कोपराला अरबीत 'मिर्फक' म्हणतात. माणूस कोपर टेकून बसतो तेव्हा त्याला विसावा मिळतो. म्हणून ज्यावर रेलावे, ज्याचा आधार वाटावा अशा गोष्टीलाही तोच शब्द लागू झाला. 'रिफ्क' म्हणजे मार्दव आणि 'रफीक' म्हणजे सोबती हे याच कुळातले. त्याचे अनेकवचन 'मराफिक'. आज कैरोत किंवा दमास्कसमध्ये पाणी, वीज, सांडपाणी या नागरी सुविधांना हेच नाव आहे. नगरपालिकेच्या कारभाराला कोपराचे नाव ऐकून हसू येईल. पण ज्यावर शहर रेलते त्याला कोपर म्हणण्यात काय चुकले? तिकडच्या बोलींत कोपराला 'कू' असाही शब्द आहे, आणि सीरिया-लेबनॉनकडे रस्त्याच्या वळणालाही तोच लावतात. आपण कोपरावरून कोपरा केला, त्यांनी कोपरावरून वळण केले. या दोन भाषांचे कूळ एक नाही, धर्म एक नाही, लिपी एक नाही. पण माणसाचा हात एकच आहे.

येथे कोणी म्हणेल, 'हे अरबांचे कौतुक अरबांना लखलाभ. त्याचा मराठीशी संबंध काय?' संबंध आहे, आणि तो आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. सांधा या वस्तूलाच अरबीत 'मफसिल' म्हणतात. युनानी वैद्यकात सांधेदुखीचे नाव 'वजउल-मफासिल' असे आहे. याचा धातू फ-स-ल, म्हणजे वेगळे करणे. सांध्याशी एक हाड दुसऱ्यापासून सुटते, म्हणून सांधा तो 'मफसिल'. याच धातूचा 'तफसील', म्हणजे एकेक सांधा सोडवून दाखविणे, तोच आपला तपशील. पेशवे दफ्तरातील हिशेबाच्या कागदावर आधी एकूण रक्कम येते आणि तिच्याखाली 'बितपशील' लिहून एकेक कलम सोडविलेले असते. खरे काय आणि खोटे काय हे वेगळे करणारा तो फैसला. एका हंगामापासून दुसरा हंगाम जेथे सुटतो ती फसल, आणि त्यावरून महसुलाचा फसली सन. तुकड्यातुकड्यांत वाटलेला मुलूख तो मोफसल. मुंबईच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखी आपले पुणेसुद्धा मोफसलच होते, हे अभिमानी पुणेकरांनी विसरू नये.

आणखी एक मौज पाहावी. सांधा जसा हाडांना वेगळे करतो तसाच तो जोडतोही. अरबीने ही दुसरी बाजूही सोडलेली नाही. व-स-ल या धातूचा अर्थ जोडणे, पोहोचणे. त्याचा 'अवसाल' हा शब्द अवयव व सांधे यांना लागतो. येणे असलेली रक्कम येऊन पोहोचली म्हणजे ती 'वसूल' झाली. संस्कृताने 'संधि' शब्दात जोडण्यावर भर दिला. त्यातून सांधाही झाला, तहही झाला आणि व्याकरणातील संधीही झाला. अरबीने सुटणे आणि जुळणे असे दोन्ही अर्थ दोन धातूंत वाटून घेतले, आणि मराठीने तपशील व वसूल या रूपाने ते दोन्ही उचलले. हा दास्याचा डाग मानावयाचा की शहाणपणाचा व्यवहार, हे वाचकांनीच ठरवावे.

आता शुद्धीवाद्यांच्या मुख्य सूत्राकडे वळू. ज्या अर्थाला स्वकीय शब्द आहे तेथे परका नको, असे ते सूत्र आहे. सावरकरांनी ते हिरिरीने मांडले, आणि 'दिनांक', 'महापौर' यांसारखे शब्द त्या चळवळीमुळे रूढ झाले. तेवढे ऋण मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल. पण स्वकीय कोण आणि परका कोण, हे ठरविणार कोण? 'बाजू' हा शब्द घ्या. तो फारसी, मूळ अर्थ दंड, आणि तो अर्थ मराठीत केवळ बाजूबंदापुरता उरला आहे. या फारसी 'बाजू'चे जुने इराणी रूप आणि संस्कृत 'बाहु' ही एकाच आईची लेकरे आहेत, हे भाषाशास्त्राच्या पहिल्या इयत्तेत शिकवितात. तसेच फारसी 'दस्त' व संस्कृत 'हस्त'. म्हणजे दस्तऐवजाला आणि बाजूला घराबाहेर काढणारा मनुष्य आपल्या सख्ख्या चुलतभावालाच दार बंद करतो.

अरबी शब्दांचे कूळ मात्र निराळे, हे खरे. पण त्यांच्यापुरता न्याय करण्यास व्याकरण समर्थ आहे. मराठीचा नियम असा, की उपान्त्य दीर्घ ईकार-ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. बहीण – बहिणीला, फूल – फुलाला. हा नियम संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मानीत नाहीत. आपण शरीर – शरीराला लिहितो, 'शरिराला' लिहीत नाही. आता तपशील पाहा: तपशिलात. वकील: वकिलाला. गरीब: गरिबाला. वसूल: वसुलाचा. हे अरबी शब्द बहिणीच्या आणि फुलाच्या पंक्तीला बसून जेवतात, आणि 'शरीर' मात्र सोवळे नेसून वेगळ्या पाटावर बसते! महाराष्ट्राच्या शाळांत १९६२ पासून जे शुद्धलेखन चालते त्यात हा भेद नियम म्हणून नोंदलेला आहे. कोण घरचे आणि कोण पाहुणे, याचा याहून स्पष्ट निवाडा कोणता हवा?

'हे शब्द परकीय सत्तेने लादले,' असा एक आक्षेप उरतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महसूल व न्याय यांचे शब्द राज्यकर्त्यांबरोबर आले, हे निर्विवाद आहे. म्हणूनच १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. स्वराज्याने आपल्या भाषेत कारभार करावा हा त्यामागील हेतू वंदनीयच आहे. परंतु त्यानंतर मराठ्यांचे राज्य अटकेपर्यंत गेले तेव्हाही दफ्तरातील तपशील, वसूल, फडणीस, चिटणीस हे शब्द जागच्या जागी राहिले. त्या वेळी ते लादणारी सत्ता कोणती होती? मराठ्यांनी ते जिंकलेल्या मुलखासारखे आपले करून घेतले होते. ज्यांच्या दारावर आज चिटणीस, सबनीस, पारसनीस अशा पाट्या आहेत, त्यांनी शुद्धीचा आरंभ आपल्या आडनावापासून करावा, असे आम्ही म्हणत नाही. तसे केल्यास अर्धा सदाशिव पेठ निनावी होईल.

या वादात माधवराव पटवर्धनांचे नाव आदराने घेतले पाहिजे. फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकविणाऱ्या या कवीने १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला, आणि पुढे भाषाशुद्धीचा पक्ष घेऊन १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. त्यांचा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. पण आपण काय टाकीत आहोत हे त्यांना अक्षर न् अक्षर ठाऊक होते. आज शुद्धीचा झेंडा घेणाऱ्यांपैकी किती जणांना तपशील आणि फैसला हे भाऊ आहेत, हे ठाऊक आहे? न ओळखता केलेल्या हकालपट्टीला विवेक म्हणत नाहीत.

आणि हकालपट्टी यशस्वी झाली तर पुढे काय होते, हे आता कल्पनेने सांगण्याचीही गरज नाही. 'तपशील' दूर केला म्हणून कोणी 'विवरण पाठवा' म्हणत नाही. 'डिटेल्स पाठवा' म्हणतात. 'बाजूला व्हा' हे गावंढळ वाटू लागले की त्या जागी 'पार्श्व' येत नाही, 'साइडला व्हा' येते. वसुलीची 'रिकव्हरी' होते. चारशे वर्षे मराठीच्या व्याकरणात मुरलेला शब्द घालवून जो रिकामा सांधा आपण करतो, त्यात संस्कृत बसत नाही. कालचे इंग्रजी येऊन बसते, आणि त्याला सामान्यरूपही धड होत नाही. शत्रू म्हणून ज्यांना आपण हेरले ते घरचे निघाले, आणि खरा पाहुणा माजघरापर्यंत येऊन पोहोचला.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. पेशवे दफ्तरातील कागद मोडीत आहेत. मोडी अक्षरे चार महिन्यांत शिकता येतील; पण बितपशील, वसूल, बाकी, दस्तऐवज हे शब्दच ज्याला परके झाले, त्याला अक्षर लागूनही आपल्या पणजोबांच्या जमिनीचा कागद लागावयाचा नाही. एक शब्द घालविणे म्हणजे त्या शब्दाने बांधलेले सर्व कागद मुके करणे होय.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. नव्या वस्तूंना, नव्या शास्त्रांना संस्कृत धातूंपासून अवश्य शब्द घडवा. त्याला कोणाची ना नाही. पण जे शब्द बहिणीप्रमाणे आणि फुलाप्रमाणे चालतात त्यांच्यामागे हात धुऊन लागणे सोडा. शाळांत मराठी शिकविणाऱ्यांनी मुलांना तपशील, फैसला, फसल एका ओळीत लिहून दाखवावे, आणि शेजारी संधी, सांधा, पर्व, पेर लिहावे. दोन भाषांनी एकाच सांध्याकडे पाहून काय काय विचार केला, हे मुलांना त्यातून कळेल. घरांतल्या वडीलधाऱ्यांनी 'डिटेल्स' ऐकल्यावर रागावण्याऐवजी 'तपशील' हा शब्द स्वतः वापरावा. काटा समजून आपण जे उपटावयास निघालो आहोत ते हाताचे हाड आहे. ते उपटले, तर उरलेल्या हाताने लिहिणार काय?